बसून बघा

शोरूममधला दिवाणखाना नीटनेटका दिसतो, कारण तिथे कोणी राहत नाही, असं मास्तरीणबाईंचं ठाम मत होतं. पडदे पाहून त्या परतल्या, तर नवरा मांडून ठेवलेल्या सोफ्यावर बसून समोरच्या पुठ्ठ्याच्या टीव्हीकडे बघत हसत होता.

"अहो, उठा. पोरगी घरी एकटी आहे."

"थांब गं, संपतच आलंय."

"काय संपतंय? पुठ्ठा आहे तो!"

तो हसतच राहिला. घरी असं हसताना त्यांनी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. दंड धरून उठवावं म्हणून त्या शेजारी टेकल्या, अगदी क्षणभर. सोफा खरोखरच मऊ होता.

सेल्समन फडका घेऊन आला. त्याने टीव्ही पुसला, फुलदाणी पुसली, मग नवऱ्याचं टक्कल पुसलं. नवऱ्याची पापणीही लवली नाही.

बाईंना ओरडायचं होतं, पण ओठ आधीच हसून बसले होते. मांडीवरच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. मुलीचाच असणार.

"या, बघा," सेल्समन एका नव्या जोडप्याला म्हणाला आणि त्याने बाईंच्या खांद्यावरून फडका फिरवला. "पूर्ण सेट आहे. फक्त मुलगी यायची राहिलीय."