साखरबाईची विनंती

साखरबाई विनंती सांगायला उठली, तेव्हा द्वारकाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत निवांत बसली होती. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा. त्याआधी ज्याला जे मागायचं ते त्यानं मंडळीपुढं उभं राहून सांगायचं, मग पाळकसाहेब सगळ्यांसाठी मिळून प्रार्थना करणार, ही बारामतीतल्या त्या पत्र्याच्या चर्चची रीत. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाची एसटीतली बदली. साखरबाईचे गुडघे तर दर महिन्याला ठरलेले.

"आज माझं न्हाय हो," साखरबाई म्हणाली. "आपल्या द्वारकाबाईसाठी मागायचंय. लय मोठं ओझं हाय बिचारीच्या जिवावर. तीस वर्सांमागं, सांगवीला असताना, हिचं मालक जोतीराव भर उन्हाचं पिऊन आलं. दार वाजवलं, पानी पानी केलं. ही जागी हुती, पर हिनं दार उघडलं न्हाय. सांजच्याला बघती तर मानूस गेल्यालं. प्रभूनं हिला मोकळी करावी म्हणून समद्यांनी मागा."

"आमेन," कुणीतरी सवयीनं म्हणालं. मग त्याचं त्यालाच चपापल्यासारखं झालं.

द्वारकाबाईची नजर लेकाकडं गेली. पुढं ढोलकीशी तिचा शमुवेल बसला होता. अडतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. त्याला तिनं जन्मभर एकच सांगितलं होतं, की माझा डोळा लागला होता बाबा, मला ऐकूच आलं नाही. तो वळून बघेना. ढोलकीवरचा हात मात्र तसाच राहिला.

परवाच्या शुक्रवारी, दोघी एका चटईवर गुडघे टेकून प्रार्थना करताना, तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं हे तोंडातून काढलं होतं. साखरबाईनं डोक्यावर हात ठेवला होता. प्रभूनं माफ केलं गं, आता मागं बघू नगं, म्हणाली होती. द्वारकाबाई दोन रात्री लेकरासारखी झोपली. आणि साखरबाईच्या पोटात शुक्रवारचं रविवारपर्यंत राहिलं नाही!

"साखरे, तुझ्या जिभंला हाड हाय का न्हाय?"

"आगं, वंगाळ सांगितलं का म्या? प्रार्थनेसाठीच की! समद्यांनी मिळून मागितलं म्हंजी देव लवकर ऐकतो."

"देवानं परवाच ऐकलंय. तूच म्हणलीस. माझ्या पोरानं ऐकायचं न्हवतं."

साखरबाईचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं खरंच भल्यासाठी केलं होतं, आणि तेच द्वारकाबाईला जास्त झोंबलं. वैरीण असती तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

पाळकसाहेबांनी घाईघाईनं प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट उचललं. कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल त्यानं आधी समेट करावा, मग घ्यावं, असं दर वेळचंच बोलले, पण खाली बघून. ताट बायकांच्या रांगेत आलं.

"चुकलं माझं, द्वारका," साखरबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला माफ कर."

"हात काढ."

ताट पुढं गेलं. द्वारकाबाईनं घेतलं नाही. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ती उठली, भिंतीला धरत बाहेर आली आणि पायरीवर बसली. चपला दिसत होत्या, पण आपल्या कुठल्या ते कळेना.

मागून शमुवेल आला आणि तिच्या शेजारी बसला. आत गाणं सुरू झालं, ढोलकीवाचून.

आता लपवून काय उपयोग? त्याच्याकडं न बघताच ती म्हणाली, "शमू, ती म्हणली ते खरं हाय. माझा डोळा लागला न्हवता. ऐकू येत हुतं मला."

"म्हाईत हाय."

तिनं मान वर केली. "कुणी सांगितलं? तिनंच का आधी?"

"कुणी न्हाय." शमुवेलनं आपल्या हातांकडं बघितलं. "मी आठ वर्सांचा हुतो, आई. आतल्या खोलीत जागाच हुतो. दार मलाबी उघडता येत हुतं."