संडासातलं कॅलेंडर

नेदरलँड्समध्ये, हार्लेममधल्या त्या घरात कौसाबाई खुर्चीच्या टोकाशी बसल्या होत्या. समोर इनेके, त्यांची मुलगी. दोघींच्या लाळेची तपासणी जुळली होती, शंका उरली नव्हती. तरी कुणाला रडू आलं नाही. कॉफी निवत होती.

इनेके डचमध्ये बोलायची. युट्रेख्टहून सोबत आलेली शलाका मराठीत सांगायची.

"ती म्हणते, नाव इथलं, भाषा इथली. भारतातून सोबत आला तो फक्त वाढदिवस. तेवढाच माझा."

कौसाबाईंनी मान हलवली. "संडास कुठंय गं?"

दार उघडलं तर समोर भिंतीवर कॅलेंडर. डिसेंबरचं पान. नऊ आकड्यापुढे लाल शाईत काहीतरी लिहिलेलं.

"हे काय गं?"

"इनेकेचं नाव. तिचा वाढदिवस. इथे घरच्यांचे वाढदिवस संडासात टांगतात, मावशी. रोज दिसले की विसरत नाहीत."

"आमच्याकडं टांगले असते तर सासूनं झोडलं असतं."

त्यांनी दार लावून घेतलं.

नऊ डिसेंबर. आणीबाणीत त्या दिवशी पोलिसांनी त्यांना विडी कामगारांच्या मोर्चातून उचललं होतं आणि कडेवरची दीड वर्षाची पोर आश्रमात टाकली होती. त्या सुटून आल्या तेव्हा पोर परदेशी दत्तक गेलेली. आश्रमाने साल अंदाजाने धरून, पोर आली तोच दिवस जन्माचा म्हणून लावून दिला होता. पोर खरी जन्मली एक मेला. दारावरून लाल झेंडे चालले होते.

बऱ्याच वेळाने आत पाणी सोडल्याचा आवाज आला.

बाहेर इनेके उभी होती, हातात पेन.

"मावशी, ती विचारते, माझी तारीख बरोबर आहे ना? आश्रमवाले कधीकधी चुकतात, असं तिने ऐकलंय."

कौसाबाई पेनाकडे बघत राहिल्या.

"बरोबर हाय म्हणावं."

इनेकेने श्वास सोडला. मग हसून काही बोलली.

"आता तुमची सांगा, मावशी. तुम्हालाही लिहायचंय तिला."

कौसाबाईंच्या जन्माची तारीख कुणीच ठेवली नव्हती. ज्वारीची काढणी चालली होती, एवढंच त्यांची आई सांगायची.

"एक मे," त्या म्हणाल्या.

इनेकेने पानं उलटून मे काढला. एकापुढे नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत पान धरून ठेवलं आणि मग पुन्हा डिसेंबर लावला.