दुसरा गिअर

हळदीच्या गोदामाच्या शेडखाली जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींचा मेळावा भरला होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत सगळी गर्दी एकाच फियाटभोवती होती. गुडघ्यांनी क्लच दाबवेना म्हणून श्रीधर कुरण्यांनी चार वर्षांपूर्वी विकलेली हीच ती गाडी. आता तेजस्विनी मगदूम नावाची तिशीतली मुलगी तिच्या बॉनेटवर हात ठेवून फोटो काढून घेत होती, आणि कुरण्यांचा नुसता जळफळाट चालला होता.

"रंग जरा भडकच झालाय," कुणी विचारलं नसताना ते म्हणाले.

तिनं त्यांना ओळखलं. "काका, बरं झालं भेटलात! चढावर दुसरा गिअर सुटतो हो. तीन मिस्त्री झाले, कुणाला कळेना."

कुरण्यांना पक्कं ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं चढावर गिअरचा दांडा त्यांनी अलगद स्वतःकडे ओढून धरला होता. गाडीतलं तेवढंच काय ते अजून त्यांचं उरलं होतं.

"माझ्याकडे कधी सुटला नाही," ते म्हणाले.

मेळावा संपला. समोरच्या पुलाच्या चढावर फियाट आचके देत थांबली. मागून ट्रक हॉर्न वाजवत आला. दुखरे गुडघे विसरून कुरणे पावसात धावले.

"अगं पोरी, दांडा ओढून धर! आपल्याकडे!"

गाडी सुटली, चढ चढून कडेला थांबली. तिनं दार उघडलं. "काका, भिजलात की! बसा, घरी सोडते."

त्या गाडीत कुरणे पहिल्यांदाच डाव्या बाजूला बसले. दांड्यावरचा तिचा हात बघवेना, म्हणून घर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.