घरचा पाळणा

विकतचा जुना पाळणा कोणाच्या घरातून आलेला असेल, देव जाणे, असं म्हणत थोरल्या जाऊबाईंनी आपल्या लेकीचा जुना पाळणा धाकटीकडे आणवला. उपकार जिना चढताना जरा आवाज करतोच. सगळ्या मजल्यांना कळलं.

दिवस भरत आलेल्या धाकटीने कठडा हलवून पाहिला. "ताई, याची कडी निसटतेय."

"माझी लेक यातच वाढली गं. तुझंच काय आभाळातून पडणार आहे?"

धाकटी ओशाळून हसली. जाऊबाई दाराबाहेर पडतात तोच लेकीचा फोन आला. तिलाही दिवस गेलेले. माझा पाळणा काकूला का दिलास, म्हणून रुसलेली. दार अजून उघडंच होतं.

"वेडी आहेस का? तुझ्या बाळाला नवा घेऊ. त्यातून तू दोनदा पडलीस."