डावखुरा घोडेस्वार

"परत डाव्या हातानं वाढतीस? दळिंदर येतंय घरात!" जत्रेत आमच्या तंबू-शिनेमाच्या लोकांचा सैपाक करणारी सगुणामावशी नव्या सुनंवर रोज खेकसायची. हौसा जल्माची डावरी. उजव्या हातानं वाढायला गेली की आमटी आमच्या धोतरावर. "आता सांडलंस तर कायमची माहेरी धाडते," मावशीनं दम भरला.

त्या सांजंला अमेरिकेचा मुका शिनेमा लावला. पडदा तंबूच्या मधोमध, बाप्ये म्होरं, बाया मागं. मोठ्या टोपीच्या गड्यानं घोडा फेकला, पिस्तूल उपसलं आन् एकट्यानं दरोडेखोरांची टोळी लोळवली. पडद्यामागनं मावशीचाच आवाज सगळ्यात मोठा, "हाण मुडद्याला! आणिक हाण!"

सकाळी चुलीपाशी मावशीची आन् तिच्या नवऱ्याची, मामांची, जुंपलेली. मामा म्हणत, गड्यानं उजव्या हातानं गोळ्या घातल्या. मावशी म्हणे, डाव्या.

"मशीन तू फिरवतोस, तूच सांग रं," मावशी माझ्यावर वळली. हौसा पळी धरून नुसती बघत उभी.

कापडाच्या मागनं बघितलं की उजवं ते डावं दिसतंय, एवढं मला ठावं. मामाची नजर चुकवत मी म्हणालो, "डाव्यानंच की, मावशी. तिकडं समदे मर्द डावरेच."

मावशीनं मामाकडं ठसक्यात बघितलं. "ऐकलंत? आन् हौसे, तू काय बघतीस? तुझ्या हातानं वाढ की चांगलं भरून. टोळ्या लोळवणारा हात हाय त्यो!"