परवानगीशिवाय चरताना

गायरानात परवानगीशिवाय चरताना सापडलेल्या वॉलबी या छोट्या कांगारूंच्या जोडीला ग्रामपंचायतीने कोंडवाड्यात टाकलं. मालकाचा शोध घेणारी नोटीस आठ महिने खात्याखात्यांत फिरून डॉ. टेंब्यांकडे पोचली. नामशेष झालेली ही सशाएवढी वॉलबी त्यांनीच प्रयोगशाळेत पुन्हा घडवली होती; तिथल्या अकरांपैकी ही जोडी निसटली होती. तिथे वातानुकूलित कुरण होतं, मोजून चारा होता. सहा वर्षांत पिल्लू मात्र एकही झालं नव्हतं, आणि जनावरं म्हातारी होत चालली होती.

डॉक्टर पिंजरा घेऊन आले, तेव्हा कोंडवाड्याच्या राखणदार गजराबाई कडबा रचत होत्या.

"काय खातात?"

"कुसळी गवत. दिवसभर कडब्याखाली दडत्यात, ऊन कललं की चरत्यात. शहाणी हाईत."

तेवढ्यात मादी बाहेर आली. तिच्या पोटाच्या पिशवीतून इवलंसं तोंड डोकावलं. डॉक्टर उकिडवे बसून पिल्लू न्याहाळू लागले.

"नोंद दोघांची हाय," गजराबाई म्हणाल्या. "तिसरं इथलंच. ते न्यायला मिळायचं नाही."

डॉक्टरांनी रिकामा पिंजरा गाडीत ठेवला. अहवालात 'नैसर्गिक अधिवास' या रकान्यात 'कोंडवाडा' असं लिहिलं आणि विचारलं, "उरलेली नऊ आणली तर ठेवून घ्याल?"

"अशी कशी? आधी गायरानात चरताना सापडू द्या."