वळूची मूळ संख्या

खोटं वाटलं तर देवणीला येऊन विचारा. रामलिंग अन् भागवत या भावांची वाटणी झाली आणि शेवटी वळू तेवढा उरला. लातूरला गणित शिकणाऱ्या भागवतच्या लेकीनं, सृष्टीनं, वळूच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर तपासला.

"थोरले काका, ही मूळ संख्या हाय. हिला एकानं भाग जातो, न्हाईतर हिच्या स्वतःनंच."

"मंग एकालाच द्या, मला!" रामलिंग उसळला.

"न्हाई, त्याचं त्यालाच ठरवू द्या," भागवत म्हणाला.

वळू सोडला. तो दोघांच्या मधून निघून थेट बहिणीपुढं, हक्कसोडावर सही करून बसलेल्या साखराबाईपुढं, उभा राहिला.

 

"गणितापुढं आपलं काय चालतंय, दादा?" म्हणत साखराबाईनं गुळानं चिकट झालेला हात हळूच पदराला पुसला.